गोठ्यातला मुक्काम

कोल्हापूरकराला समुद्राची हुक्की आली की गाडी आपोआप गगनबावड्याच्या रस्त्याला लागते. ५५ किलोमीटर, मग करूळ घाट, की खाली कोकण. यंदा मालवणच्या अलीकडं एका वाडीत उतरलो. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, आत एसी. घरमालक काका म्हणाले, "पयलां हयसर गुरांचो गोठो होतो."

बायको माझ्याकडं बघून हसली. "मग काय, घरच्यासारखंच वाटंल तुम्हाला."

गव्हाणीत सिमेंट भरून वर गादी टाकली होती, बसायला. एक खुंटा मात्र तसाच ठेवला होता, फरशी त्याच्याभोवती गोल कापून. दाव्यानं घासून घासून त्याला बारीक कंबर पडली होती. रात्री उठलो नि नेमका त्याच्यावरच आपटलो. अंगठा असा ठणकला की झोप गेली ती गेलीच.

आमच्या गल्लीत मित्राचा गोठा होता. खाली म्हशी, वर माडीवर माणसं. त्याच्याकडं झोपायला गेलो की फळ्यांच्या फटीतनं रवंथाचा आवाज यायचा, आणि वैरणीचा, शेणामुताचा उबदार वास. मला तो वास अजून आवडतो. चारचौघांत सांगायची सोय नाही. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर वडील न्यायचे. म्हशीची धार थेट पेल्यात, फेस नाकाला. दिवाळीच्या पाडव्याला मित्राची म्हैस शिंगं रंगवून, मोरपिसं लावून मोटारसायकलीमागं पळायची. एका वर्षी ती मध्येच थांबली आणि कुणाच्या तरी दारातली रांगोळी हुंगत उभी राहिली. काही केल्या हलेना. मित्र चार दिवस गल्लीत तोंड दाखवेना.

२०१९ च्या महापुरात गोठ्यात पाणी शिरलं. म्हशी वेळेत हलवल्या म्हणून वाचल्या, पण परत काही आल्या नाहीत. गावाकडं पाहुण्यांच्यातच राहिल्या. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. वाईट वाटतं म्हणावं, तर रिचार्ज मीही तिथंच मारतो.

सकाळी लंगडतच ओटीवर आलो. काकांना विचारलं, "गुरं काय केली?"

"इकली. पोरगो मुंबयक आसा. करतलो कोण?" आणि आत बघून चहाला हाक मारली.

चहा झकास होता. दूध पिशवीतलं. कट्ट्यावर पडलेली रिकामी पिशवी सवयीनं उलटी करून बघितली. आमच्याच जिल्ह्यातनं घाट उतरून आलेली.