उजव्या एलेरॉनचा स्क्रू पुन्हा सैल

शनिवारी माझं ऑटोपायलटवालं मॉडेल विमान घेऊन वडोदऱ्याजवळच्या पादरा इथल्या मैदानावर उतरलो, उजवा पंख उलटा केला, तर एलेरॉन (पंखामागची हलती पट्टी) हलवणाऱ्या सर्वो मोटरच्या मधल्या स्क्रूवरची रेघ तुटलेली. स्क्रू फिरला तर कळावं म्हणून ती नेलपॉलिशनं ओढलेली असते. चांगला अर्धा फेरा. तेही आदल्या दिवशी थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारं द्रव्य) लावून, पूर्ण अठरा तास ठेवून! गेल्या खेपेला 'हा विषय मिटला' असं लिहिलं होतं, ते मागे घेतो.

लॉयटरमध्ये, म्हणजे एका जागेभोवती आपोआप घिरट्या घालताना, विमान डावी-उजवीकडे डोलत होतं; मागे टाकलेल्या उड्डाणाच्या नोंदींत (लॉग) तुम्ही ते पाहिलंच आहे. मी तीन रविवार ऑटोपायलटचा पी गेन (चूक दिसली की किती जोरानं सुधारायची, तो आकडा) वर-खाली करण्यात घालवले. असे आकडे आपोआप ठरवणाऱ्या ऑटोट्यूनचा काही दोष नव्हता. सर्वोचा आर्म (दांडी) स्प्लाइनवर, म्हणजे गिअरच्या दातेरी टोकावर, डुगडुगत होता आणि ती ढिलाई भरून काढायला ऑटोपायलट बिचारा सर्वोला सारखा इकडून तिकडे पळवत होता. ३५ सीसीच्या एक-सिलिंडर इंजिनाचा थरथराट वर आहेच.

स्क्रू काढून पाहिला तर आट्यांत लॉकर चक्क ओलं! बाटली जुनी निघाली असेल म्हणून नवी आणली, तीच गत. मग डोक्यात प्रकाश पडला. हे लॉकर हवेनं सुकत नाही; हवा तुटली आणि धातूचे आयन मिळाले की धरतं. लोखंड, पितळ, तांबं ते लगेच देतात. स्टेनलेस आणि टायटॅनियम फार हात आखडता घेतात. माझा स्क्रू स्टेनलेसचा, तो ज्यात बसतो तो सर्वोचा गिअर टायटॅनियमचा. गंज नको म्हणून हौसेनं स्टेनलेस घेतले होते.

मकरपुरा औद्योगिक वसाहतीतून (जीआयडीसी) १२.९ ग्रेडचे काळे पोलादी ॲलन स्क्रू आणले. एक बाजू पोलादी असली तरी काम भागतं, वेळ थोडा जास्त लागतो. जुन्या जळक्या सर्वोचा टायटॅनियम गिअर व्हाइसमध्ये धरला, आटे आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसले, टूथपिकनं एक थेंब. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ली लावली तर 'कट्' असा आवाज होऊन सुटला, आट्यांत पांढरा भुगा. तो आवाज ऐकून जो आनंद झाला, तो पहिल्या लँडिंगएवढा होता!

थेंब सर्वोच्या केसवर मात्र सांडू देऊ नका. ताणाखालचं एबीएस आणि पॉलिकार्बोनेट प्लास्टिक त्यानं तडकतं. माझ्या एका केसचा कान असाच गेला.

स्प्रिंग वॉशर घालायला सांगणाऱ्या काकांना आदरपूर्वक नकार. जोड आडवा सरकू लागला की स्क्रू आपोआप उलटा फिरतो, हे जर्मन अभियंता युंकरनं १९६९ मध्येच दाखवलंय. स्प्रिंग वॉशर ते थांबवत नाही. स्क्रूचा ताण टिकला पाहिजे आणि आटे धरले पाहिजेत.

पुढचा बेत स्क्रूच्या डोक्याला १ मिमीचं भोक पाडून सेफ्टी वायर (स्क्रू फिरू नये म्हणून बांधायची तार) ओवायचा होता. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, खरा धोका पलीकडच्या टोकाला आहे. सर्वो आणि एलेरॉन जोडणाऱ्या पुशरॉडचा बॉल लिंक (आत गोल बॉल असलेला सांधा) निसटला तर एलेरॉन मोकळा फडफडेल. माणूस बसतो त्या घरी बांधलेल्या विमानांत रॉड-एंडच्या (अशाच सांध्याच्या) बाहेरून मोठा वॉशर घालतात, म्हणजे आतला बॉल सुटला तरी रॉड बोल्टवरून निघत नाही. आपल्या एम३ (३ मिमी) बोल्टला ९ मिमीचा वॉशर सहज बसेल, वर नवा नायलॉक (नायलॉनचं कडं असलेला नट). वायर नंतर बघू.

डाव्या पंखाचे स्क्रू आज रात्रीच बदलतोय. रविवारी दोन टाक्या इंधन संपेपर्यंत उडवून चारही रेघांचे फोटो टाकतो.