आमची वाटचाल : रत्नागिरी ते आखात

आम्ही आंबा विकत नाही. आंबा, काजूगर, कोकम विकणाऱ्यांना आखात समजावून देतो. डब्यांवरची अरबी लेबलं, एक्स्पोर्टचे कागद, आणि तिकडच्या बाजारात गाळ्यावर कोण बसतो, तो खरेदी कधी करतो, कशाला नाक मुरडतो, ही सगळी माहिती. "ह्याचे कसले पैसे?" असं विचारणारे बागायतदार अजून भेटतात.

आखात आपला शेजार आहे. दाभोळ बंदरात होर्मुझकडून घोडे उतरायचे. दुबईत १९६६ पर्यंत रुपया चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा काढत होती. राजापूर, खेड, दापोलीतून घराआड एक माणूस तिकडे गेला. तरी आपल्या देशाला लंडन जेवढं कळतं तेवढं मस्कत कळत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

हे काम उभं राहिलं ते चाचांमुळे. राजापूरचे. कुवेतच्या फळबाजारात उमेदीची वर्षं गेली. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि लाखाहून जास्त भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी आणलं, त्यात तेही एका बॅगेनिशी परतले. अरबी उजवीकडून डावीकडे, अक्षराला अक्षर जोडून लिहितात; तेव्हाच्या डीटीपीत, म्हणजे संगणकावरच्या छपाईच्या जुळणीत, ती अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमाने पडायची. चाचा प्रूफवर भिंग धरत, उजवीकडून नखाने ओळ वाचत आणि म्हणत, "बाळा, ह्यांनी एकमेकांचा हात सोडलाय." मग बोरू तासून स्वतः ओळ लिहायचे. ती स्कॅन करून आम्ही छपाईची फिल्म काढायचो. तो बोरू, ते भिंग अजून माझ्या टेबलावर आहे.

बाजारही त्यांनीच शिकवला. शुक्रवारी दुपारी फोन करायचा नाही. भावाआधी घरच्यांची ख्यालीखुशाली. सुपरमार्केटचा खरेदीवाला बहुतेक वेळा मल्याळी, तेव्हा चार वाक्यं मल्याळमही हवीत. पाकिस्तानचा सिंधरी आंबा उतरायच्या आत हापूस खपला पाहिजे.

आणि मग ती मुंबईची पार्टी. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना माहीत आहे. आमच्याच गिऱ्हाइकाकडून लेबल उचललं, मांडणी जशीच्या तशी, फक्त मजकूर नव्याने टाइप केला. अक्षरं पुन्हा सुटी, तयार केल्याची आणि मुदतीची तारीख उलटसुलट. आंब्याच्या पल्पचा कंटेनर तिकडच्या बंदरात अडकला. मांडणी आमची, म्हणून बोभाटा आमच्या नावाने झाला. त्या हंगामात फोन वाजेना. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या, मशीनवरचा मुलगा पगार न घेता बसला. चाचा त्या वयात रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ले असे एसटीने फिरले. दोन्ही लेबलं शेजारी ठेवून प्रत्येक कारखानदाराला नखाने ओळ दाखवली. पावसच्या एका बागायतदाराने तिथल्या तिथे पुढच्या हंगामाची ऑर्डर आगाऊ पैशांसकट दिली. त्याचं काम आजही रांगेत पहिलं लागतं. त्या पार्टीचा पुढे "कोकणचा माल जगात नेला" म्हणून सत्कार झाला. माफीचा एक शब्द आजवर आलेला नाही.

पुढची वर्षं बरी गेली.

नव्या पोरांना सांगतो, कॅलेंडर बघून माल काढा. रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२० ते २०२३ तो एप्रिलच्या हंगामात होता, इफ्तारसाठी आंबा जायचा. २०२६ मध्ये तो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच संपतो, म्हणजे जुना हिशेब चालणार नाही. यूएईची सुट्टी २०२२ पासून शनिवार-रविवार झाली, सौदीत शुक्रवार-शनिवारच आहे; दोघांना एकच मेल टाकू नका. जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, शिक्का लेबलवर छापून भागत नाही, तो कशाचा हे गाळ्यावरच्या माणसाला सांगता आलं पाहिजे.

पावसाळ्यात धंदा थंड असतो, तेव्हा ऑफिसात अरबी आणि मल्याळमचे वर्ग चालतात. अरबी चाचांचा पुतण्या शिकवतो. फी घेतो, कारण फुकटच्या वर्गाला गणपतीनंतर कोणी येत नाही.