विषय क्रमांक 14, कलम 12(7)

विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेत विषय क्रमांक 14 आला तेव्हा पावणेपाच वाजले होते. मुलींच्या वसतिगृहाच्या गळक्या छताचं काम, खर्च 48 लाख, कुलगुरूंनी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 12(7) खाली दिलेला आदेश. टिपणीच्या तळाशी ठरलेलं वाक्य: 'कार्योत्तर मंजुरीस्तव सादर', म्हणजे कारवाई आधी झाली, मंजुरी आता द्या.

सभा विभागात अशा टिपण्या रोज हातात येतात आणि हे वाक्य मला दरवेळी खटकतं. 12(7) नुसती मंजुरी घ्या असं म्हणतच नाही. तातडी आहे असं मानायला रास्त कारण असेल तर कुलगुरूंनी कारवाई करायची आणि एरवी तो विषय ज्या प्राधिकरणापुढे गेला असता, त्याला लवकरात लवकर, लेखी, कारणांसह कळवायचं. म्हणजे परिषदेने आधी बघायचं ते हे, की तातडी होती का. आमच्या टिपणीत दर होते, मोजमापं होती. कारण एका ओळीत: 'पावसाळा लक्षात घेता'.

एका प्राचार्य सदस्यांनी मूळ नस्ती, म्हणजे फाइल, मागवली. पान 3 वर अभियांत्रिकी विभागाचा प्रस्ताव, नोव्हेंबरचा. पान 11 वर वित्त विभागाचा शेरा, 'तरतूद तपासावी', फेब्रुवारीचा. पान 12 म्हणजे थेट जूनमधला आदेश. ई-निविदा सहज निघाली असती.

"सर, पाऊस दरवर्षी येतो," ते म्हणाले. "तातडी नस्ती अडकल्यामुळे झाली."

पण जूनमध्ये खोल्यांत पाणी येत होतं, हेही तितकंच खरं. कुलगुरूंनी तेव्हा थांबायला हवं होतं, असं मी अजूनही म्हणू शकत नाही. दोष फेब्रुवारी ते जून नस्ती दाबून ठेवणाऱ्या टेबलांचा, आणि त्यांना 12(7) खाली कोणी विचारत नाही.

मतभेद झाला तर विषय कुलपतींकडे, म्हणजे राज्यपालांकडे जातो आणि त्यांचा निर्णय अंतिम. पण तो मतभेद प्राधिकरणाचा लागतो, एका सदस्याचा पुरत नाही. शिवाय परिषदेचे अध्यक्ष कुलगुरूच. ज्यांच्या आदेशाची तपासणी, त्यांच्याच समोर हात वर करायचा. मतदान कोणी मागितलं नाही.

कार्यवृत्ताच्या, म्हणजे बैठकीच्या अधिकृत नोंदीच्या, मसुद्यात मी 'सविस्तर चर्चेअंती मंजूर' लिहिलं नाही. तातडीचा मुद्दा वेगळा मांडला, प्राचार्यांचा विरोध कारणासह नोंदवला, नस्तीतल्या तिन्ही तारखा घातल्या. सहीला जाताना तारखा गळाल्या. पुढच्या बैठकीत कार्यवृत्त कायम करताना प्राचार्यांनी त्या पुन्हा घालून घेतल्या.