सात अंशांखालची गोष्ट

२२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि त्यानंतर मुंबईचा पारा त्याच्याखाली कधी उतरला नाही. त्या दिवशी आजीने माझ्या फ्रॉकवर एकावर एक दोन स्वेटर चढवले होते, एवढेच मला आठवते. थंडीच्या गप्पा निघाल्या की हा आकडा मी आजवर मिरवत आले; त्याचा मोटारीच्या टायरशी काही संबंध असेल, असे मात्र गेल्या ऑक्टोबरात म्युनिकहून भाच्याचा फोन येईपर्यंत मनातही आले नव्हते. "आत्या, बाबांना इतक्यात सांगू नकोस, पण मी गाडी घेतलीय. रिअर व्हील ड्राइव्ह आहे. आता विंटर टायर कुठले घालू?"

आमच्या घरात मोटारीचे प्रश्न माझ्याकडे येतात, कारण पार्ल्याहून फोर्टातल्या कचेरीपर्यंत मी सोळा वर्षे प्रीमियर पद्मिनी चालवली आहे. माझ्या भावालाही गाडी येते, पण त्याला ती फक्त चालवता येते. भाच्याने घेतली होती ती जुनी बीएमडब्ल्यू ३४०आय: तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन, ३२६ अश्वशक्ती, आणि ही सगळी शक्ती मागच्या दोन चाकांवर. माझ्या पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे आणि ताकद जेमतेम चाळीस घोड्यांची. पण तेही घोडे मागच्याच चाकांना जुंपलेले. तेवढ्या नात्यावर मी सल्ला द्यायला सरसावले.

मागच्या चाकांचा स्वभाव मला केम्प्स कॉर्नरच्या पुलाने शिकवला. १९६५ साली झालेल्या त्या पुलावरून मी जूनच्या पहिल्या सरीत उतरत होते. वर्षभर रस्त्यात मुरलेले तेल आणि रबराची भुकटी पहिल्या पाण्याबरोबर वर येते आणि मोठा पाऊस ती धुऊन नेईपर्यंत रस्ता साबण लावल्यासारखा होतो, हे मला माहीत होते. मागचे दोन्ही टायर गोटा झाले आहेत, हेही माहीत होते. हा एक पावसाळा निघेल, असे माझे मीच ठरवून टाकले होते. वळण पुरते संपायच्या आत मी अॅक्सिलरेटर जरा दाबला आणि गाडीची शेपटी माझी परवानगी न घेता डावीकडे निघाली. पुढचे काच पुसणारे वायपर शांतपणे आपले काम करीत होते आणि काचेतून दिसणारा रस्ता मात्र आडवा सरकत होता. गाडी रस्त्यावर आडवी होऊन थांबली. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला नाही. खिडकीतून मान काढून त्याने माझी मागची चाके पाहिली आणि "बाई, टायर बघा," एवढेच म्हणाला.

टायरची पकड म्हणजे मोजून मिळालेला शिधा असतो. वळण्यासाठी जितका खर्च होईल, तितका ढकलण्यासाठी उरत नाही. मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीत पुढची चाके वळवतात आणि मागची ढकलतात. कोरड्या रस्त्यावर ही कामाची वाटणी फार सुखाची असते आणि अशा गाड्यांच्या शौकिनांना तीच आवडते. पण मागच्या चाकांनी सगळा शिधा ढकलण्यातच उडवला, की गाडी बाजूला सरकू न देण्यासाठी त्यांच्याकडे काहीच शिल्लक राहत नाही. ओल्या रस्त्यावर तो संपवायला चाळीस घोडे पुरले. बर्फावर ३२६ घोडे काय करतील, हे मी भाच्याला जरा जास्तच रंगवून सांगितले असावे, कारण पुढचे दोन मिनिट तो काही बोलला नाही.

आता सात अंशांबद्दल. डिसेंबरात एखाद्या पहाटे मुंबईतही खोबरेल तेल बाटलीत थिजते आणि बाटली उलटी केली तरी तेल बाहेर येत नाही. उन्हाळी टायरचे रबर काही असे गोठत नाही, पण साधारण सात अंशांच्या खाली ते कडक होत जाते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत दबून बसणे सोडून देते. म्हणून बर्फाचा कणही नसलेल्या कोरड्या, थंड रस्त्यावरसुद्धा ते आपली थोडीफार पकड गमावते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका भरपूर असते आणि ते थंडीतही मऊ राहते. शिवाय त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने ओढल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. खोबणीत दाबून बसलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो, म्हणून त्या नक्षीने बर्फ झटकून टाकायचा नसतो, थोडा धरून ठेवायचा असतो. पाणी बाहेर फेकणारी नक्षी म्हणजे चांगली नक्षी, असे मानणाऱ्या आम्हा पावसाळी लोकांना हे पटायला वेळ लागतो. मुंबईचा आजवरचा नीचांक त्या सात अंशांच्या वर अवघा ०.४ अंश आहे. आपल्या टायरवाल्यांना या प्रकरणात कधी पडावे लागले नाही, ते एवढ्याशा फरकाने.

भाच्याने आधी काटकसर सुचवली: "ढकलणारी चाके मागची ना? मग मागचे दोनच घेतो." मी त्याला जवळजवळ ओरडलेच. गाडी दिमाखात सुटेल आणि पहिल्याच वळणावर स्टिअरिंग फिरवूनही नाकासमोर शेजाऱ्याच्या कुंपणात जाईल, कारण वळवणे पुढच्या चाकांचे काम आहे आणि ब्रेकचा बहुतेक भारही त्यांच्यावरच येतो. घ्यायचे तर चारही.

जर्मनीतला कायदा मला आवडला. तो तारीख सांगत नाही, रस्त्याची अवस्था सांगतो: बर्फ, हिम किंवा गोठलेला ओलावा असेल, तर हिवाळी टायर हवेत. लोकांनी मात्र आपल्यापुरता ऑक्टोबर ते ईस्टर असा हिशेब धरला आहे, जसे आपण मृग लागायच्या आत ताडपत्री बांधून घेतो. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, अशी खूण लागते; नुसती 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही जुनी अक्षरे ऑक्टोबर २०२४ पासून तिथे चालत नाहीत. भाच्याला गाडीबरोबर आधीच्या मालकाने एक जुना संच फुकट दिला होता, त्यावर नेमकी तीच अक्षरे निघाली. व्हिडिओ कॉलवर त्याने खोबणीत दोन युरोचे नाणे उभे घातले. नाण्याची चंदेरी कड सुमारे चार मिलिमीटरची असते आणि ती पुरती बुडायला हवी. ती अर्धी बाहेर राहिली. कायद्याला १.६ मिलिमीटर पुरतात, पण चारच्या खाली गेलेला हिवाळी टायर बर्फात नावापुरताच हिवाळी उरतो, आणि स्कीइंगला ऑस्ट्रियात जायचे, तर तिथे चार हा नियमच आहे. फुकटचा संच भंगारात गेला.

मग खरी निवड आली. हिवाळी टायरांतही दोन घराणी आहेत, उत्तरेकडचे आणि मध्य युरोपी. उत्तरेकडच्या देशांचे टायर फार मऊ, खऱ्या बर्फासाठी केलेले. या घराण्याचा मूळपुरुष फिनलंडचा. नोकियन या टायर कंपनीच्या पूर्वजांनी १९३४ साली पहिला हिवाळी टायर काढला आणि दोन वर्षांनी आलेल्या टायरला 'हाक्कापेलिट्टा' हे नाव दिले. सतराव्या शतकातल्या फिन्निश घोडेस्वारांचे हे नाव त्यांच्या 'तोडा, चढा' अशा अर्थाच्या रणघोषावरून पडले होते. कुणी मराठी माणसाने टायर काढून त्याला 'हर हर महादेव' म्हणावे, तशातला हा प्रकार, आणि मला तो मनापासून आवडला. पण म्युनिकचा हिवाळा बराचसा ओला, चिखलबर्फाचा, आणि ऑटोबानवर वेगाचा. तिथे त्या अतिमऊ टायरवर जड, ताकदवान गाडी कोरड्या रस्त्यावर डुलते. म्हणून नाव आवडूनही मी मध्य युरोपी घराण्याच्या बाजूने कौल दिला.

मापाचा घोळ निराळाच. गाडीवर उन्हाळ्यात पुढे २२५ आणि मागे २५५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. बर्फात रुंदी मिरवण्यात अर्थ नाही. अरुंद टायर पातळ चिखलबर्फ कापून खाली पोचतो, रुंद त्यावर तरंगतो. चारही चाकांना २२५/५० आर १७, म्हणजे २२५ मिलिमीटर रुंदीचे आणि सतरा इंची रिमचे टायर घेतले, तर रिम एक इंच लहान, रबराची भिंत उंच, आणि पुढची-मागची चाके अदलाबदलही करता येतात. फक्त रिम ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे चाकाच्या आत चकती दाबणाऱ्या चिमट्याला, घासत नाही ना, हे आधी बसवून पाहायचे. ताकदवान गाड्यांचे ब्रेक मोठे असतात आणि अनेकांचा बेत तिथेच फसतो. त्याचा फसला नाही.

निघालेली उन्हाळी चाके ठेवायला तिथे टायरचे हॉटेल असते, हे ऐकून मात्र मी थोडा वेळ गप्प झाले. माझी स्टेपनी आमच्या इमारतीच्या जिन्याखाली ठेवण्यावरून सोसायटीच्या दोन सभा झाल्या होत्या.

नोव्हेंबरात नवे टायर बसले. थंडीत हवेचा दाबही उतरतो, पाच-साडेपाच अंशांमागे साधारण एक पीएसआय, तेव्हा दर पंधरवड्याला हवा बघ, असे मी बजावले आणि त्याने ते ऐकलेसे दाखवले. डिकीत वाळूची पोती टाकायची का, असेही त्याने विचारले. जुन्या, मागे हलक्या गाड्यांना तो उपाय चाले. या गाडीचे वजन दोन्ही आसांवर जवळपास सारखे आहे, तेव्हा वाळूऐवजी उजव्या पायावर ताबा ठेव, असे मी सांगितले.

या टायरची वेगमर्यादा ताशी २४० किलोमीटर, गाडीची २५०. अशा वेळी चालकाच्या नजरेसमोर टायरच्या मर्यादेचा स्टिकर लावावा लागतो. भाच्याने पहिल्या बर्फाचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, त्यांत तो स्टिकरही आला. पाचव्या मिनिटाला भावाचा मला फोन. गाडी कधी घेतली, कितीला घेतली, हे काही नाही, पहिला प्रश्न, "हा मुलगा दोनशे चाळीसने गाडी चालवतो काय गं?"