आधी हात, मग सूर

सोमवार, रात्री

आज अंगठा न सांगता बँजोच्या पाचव्या तारेवर जाऊन बसला. तर्जनीचं नख तारेवर पडतं त्याच क्षणी अंगठ्याने पाचवी तार गाठायची, तिथे टेकायचं आणि मग ती सोडायची. बँजो वाजवण्याच्या क्लॉहॅमर या शैलीचं सगळं बीज एवढ्यात आहे. सांगायला सोपं, पण हातात उतरायला पानगळीपासून वसंतात डॉगवुडची झाडं फुलेपर्यंतचा काळ गेला. आज स्वयंपाक उरकून बसले, मनात भलतंच काही चाललं होतं, आणि हात आपला चालूच. थांबून बघितलंसुद्धा नाही, न जाणो मोडेल म्हणून. वाजवतच राहिले.

आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं होतं, "बँजो शिकतेय," तेव्हा तिला गणपतीच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी आठवली. तो बँजो म्हणजे कळा दाबून वाजवायचा बुलबुल तरंग, १९१२ साली जपानमधल्या नागोयात तयार झालेल्या ताइशोगोतोचा वंशज. माझ्या मांडीवर असतो तो वेगळा. गोल कड्यावर ताणलेला कातड्यासारखा पडदा, लांब दांडी, पाच तारा, आणि त्यातली एक आखूड. तिची खुंटी दांडीच्या टोकाला नसून मध्येच, पाचव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे दांडीवरची आडवी पट्टी), कडेला आहे.

मिरजेत वाढलेल्या कुणालाही ती खुंटी बघून सतारीच्या चिकारीच आठवतील. त्यांच्या खुंट्याही अशाच दांडीच्या कडेला असतात. कामही तेच: धून कुठेही फिरू दे, वरचा सा जागचा हलत नाही. आमच्या घराच्या वाटेवर सतारमेकरांची दुकानं होती, सोलून वाळत घातलेले पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे होते. त्या गल्लीतून शाळेला गेलेली मी आज नॉर्थ कॅरोलायनात, ग्रीन्सबरोत बसून चिकारी अंगठ्याने वाजवतेय.

हात मात्र सतारीचा नाही. सतारीत मिजराबाचा (बोटात घालायच्या नखीचा) "दा" आत येतो आणि "रा" बाहेर जातो. इथे सगळं खालीच. मूठ अर्धी वळलेली, बोटं स्थिर, हालचाल मनगटाची आणि कोपरापासूनच्या हाताची. नखाची पाठ तारेवर पडते. बोटाने तार वर ओढायची मुभाच नाही. इथले लोक या तालाला "बम्-डिट्टी" म्हणतात. मी मनात "दा दिर, दा दिर" म्हणते. दा म्हणजे एकच तार, दि म्हणजे खालच्या तारांवरून गेलेला हात, र म्हणजे अंगठ्याने सोडलेली पाचवी. बोल इतके चपखल बसले की पहिल्या दिवशी मला मोठ्याने म्हणावेसे वाटले, आणि मी म्हटलेही.

नख स्टीलच्या तारांनी झिजतं. माझ्या शिक्षिकेने पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा नखाच्या आकाराचा कापून चिकटवून दिला. इथे कितीतरी वादक हेच करतात.

बुधवार

शिक्षिका सत्तरीच्या पुढच्या आहेत. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाआधी "मिस" लावून हाक मारते. रोजनिशीत मात्र त्या बाई. फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बँजो दोन्ही वाजवतात, स्वरलिपी वाचत नाहीत, आणि मलाही वाचू देत नाहीत.

आज "सॉल्जर्स जॉय" घेतली. फिडलवर ही धून सारखी धावते, मात्रेला दोन-दोन सूर. मी ते सगळे सूर बँजोवर आणायला बघत होते. बाईंनी गज खाली ठेवला. म्हणाल्या, "ते सूर फिडलचे आहेत. फिडलकडेच राहू देत. तू त्यातले तुझे घे."

माझे म्हणजे कोणते? तर "दा" ज्या सुरावर पडतो ते. बाकीचे आले तर आले. एखादा डाव्या हाताच्या बोटाने तारेवर आघात करून मिळतो, एखादा बोट तारेवरून ओढून काढून (सतारीत याला कृंतन म्हणतो), एखादा घसीट घेऊन. आणि ज्याला ड्रॉप-थंब म्हणतात त्यात अंगठा पाचव्या तारेवर जायचं सोडून आतल्या तारेवर, बहुधा दुसऱ्या, उतरतो आणि मधला सूर देऊन जातो. तर्जनी-अंगठा, तर्जनी-अंगठा. पण हे सगळं नंतर. आधी ताल अखंड पाहिजे. "सूर सुटला तर सुटू दे, हात सुटता कामा नये," हे त्या दर वेळी सांगतात.

मिरजेच्या गुरुजींकडे मी हे उलट्या बाजूने शिकले होते. तिथे सूर राखायचा. अलंकारातला एक स्वर जरी पुसट आला तरी पुन्हा पहिल्यापासून. त्या शिस्तीचं माझ्यावर ऋण आहे, माझा कान तिनेच घडवला. पण या वाद्यात त्या शिस्तीची पायरी दुसरी आहे. पहिली पायरी उजव्या हाताची.

मग बाईंनी एक गंमत करून दाखवली. मला म्हणाल्या, डावा हात काढून घे, नुसत्या मोकळ्या तारांवर ताल धर. त्यांनी फिडलवर धून उचलली. मी एकही फ्रेट न दाबता पूर्ण दोन्ही भाग वाजवले, प्रत्येक भाग दोनदा, आणि ऐकताना ती "सॉल्जर्स जॉय"च होती! माझ्याकडून तिला एकही नेमका सूर गेला नव्हता, तरी बँजो तिच्यात होता. घरी येताना गाडीत मी फक्त याचाच विचार करत होते. धून ही जोडीने वाजते. फिडल तिची रेघ काढतो, बँजो तिला चालवतो. दोघांनी एकच काम केलं तर दोघंही उणे पडतात.

शनिवार, उशिरा

माउंट एअरीला जाऊन आले. सव्वा तासाचा रस्ता, शेवटी ब्लू रिजचे डोंगर समोर. मुख्य रस्त्यावरच्या अर्ल थिएटरमधून डब्ल्यूपीएक्यू हे गावचं रेडिओ केंद्र शनिवारी थेट कार्यक्रम करतं. केंद्र १९४८ पासून चालू आहे. बाकावर बसून ऐकलं. बँजोवाल्याचा उजवा हात कड्यावरच्या ताणलेल्या पडद्यावर नव्हता, बराच वर, जिथे दांडी संपते तिथे होता. तिथे तार छेडली की आवाज गोल येतो आणि मधूनच एक "क्लक्" उमटतो.

ही राउंड पीकची चाल. राउंड पीक म्हणजे माउंट एअरीजवळचाच डोंगर आणि त्याच्या पायथ्याची वस्ती. टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) तिथले. आयुष्यभर राज्याच्या महामार्ग खात्यात रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलं, निवृत्त झाल्यावर फिडल-बँजो पुन्हा जोमाने धरला, आणि मग देशभरातली तरुण मुलं त्यांच्या दारात येऊन राहू लागली. त्यांनी कुणाला परत पाठवलं नाही. जेवू घातलं, वाजवून दाखवलं. १९८२ साली लोककलावंतांसाठीची नॅशनल हेरिटेज फेलोशिप सुरू झाली, त्या पहिल्याच तुकडीत त्यांचं नाव होतं. त्यांची ध्वनिमुद्रणं मी रोज ऐकते. फ्रेड कॉकरहॅम आणि काइल क्रीड हे त्यांचे शेजारीपाजारी. क्रीड स्वतः बँजो बनवायचे, बिनफ्रेटचे, दांडीवर फॉर्मायका लावलेले, म्हणजे बोट सहज सरकावं.

बिनफ्रेटच्या बँजोने मला घरचं काहीतरी दिलं. "क्लक ओल्ड हेन" या धुनीतला गंधार ऐका. तो कोमल नाही आणि शुद्धही नाही, त्या दोघांमध्ये कुठेतरी उभा आहे, आणि दर वेळी नेमका तिथेच. पियानोच्या कानाला तो बेसूर वाटेल. श्रुती म्हणजे काय हे लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला तो चटकन ओळखू येतो.

माझ्या बँजोला फ्रेट आहेत, म्हणून मी हीच धून सॉमिल नावाच्या सुरावटीत तारा लावून वाजवते. नेहमीच्या जी (G) सुरावटीत तारा पाचवीपासून पहिलीपर्यंत अशा असतात: वरचा सा, मंद्र प, सा, ग, प. सॉमिलसाठी दुसरी तार अर्धा सूर चढवायची की ग चा म होतो. आता मोकळ्या तारांमध्ये गंधारच उरत नाही. धून मग कोणत्या गंधाराने जाणार ते डावा हात ठरवतो, हवं तर तार किंचित ओढूनही. एक खुंटी जराशी पिळली आणि अख्ख्या वाद्याचा स्वभाव बदलला. सुरावट बदलण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी हे वाद्य धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धं संगीत त्या खुंट्यांतच आहे.

रविवार

आज वाजवण्यापेक्षा वाचलं जास्त, आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

अमेरिकेबाहेर बँजो म्हटलं की डोंगरातला गोरा शेतकरी डोळ्यांपुढे येतो. हे चित्र अपुरं आहे आणि ते अपुरं ठेवणं अन्याय आहे. बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी घडवला. सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांचं आकोंटिंग अजून वाजतं: भोपळ्यावर कातडं, आरपार घातलेली काठीची दांडी, तीन तारा, त्यातली एक आखूड. आणि वाजवायची रीत? तर्जनीच्या नखाने खाली आघात, अंगठा आखूड तारेवर. आकोंटिंगचा पहिला व्हिडिओ बघितला तेव्हा माझा उजवा हात आपोआप तसा वळला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन रोझ यांनी काढलेलं एक जलरंगातलं चित्र विल्यम्सबर्गच्या संग्रहालयात आहे. गुलाम वस्तीतली माणसं नाचताहेत आणि एक जण भोपळ्याचा बँजो वाजवतोय. त्यातही आखूड तार आहे. ही तार जोएल स्वीनी या गोऱ्या वादकाने शोधून काढली असं पुढे कितीतरी वर्षं सांगितलं गेलं. स्वीनी जन्मला १८१० साली. चित्र त्याच्या जन्माआधीचं. तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करणाऱ्या मिन्स्ट्रेल खेळांतून त्याने आणि त्याच्यासारख्यांनी हे वाद्य शहराशहरांत नेलं, हे खरं. पण अंगठ्याची जागा त्यांनी शोधली नाही. ती त्यांनी घेतली.

त्याच दक्षिण कॅरोलायनात १७३९ साली स्टोनोचा उठाव झाला आणि पुढच्या वर्षीच्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगं वाजवायला बंदी केली. बाई "हात सुटता कामा नये" म्हणतात, तेव्हा मला आता हे आठवतं. ढोल काढून घेतलेल्या माणसांनी ताल कुठेतरी ठेवला असणार. नख पडतं ते ताणलेल्या कातड्याच्या वाद्यावर, आणि ज्या शैलीत सूर एक वेळ सुटला तरी चालतो पण ठोका नाही, ती शैली कुठून आली असेल ते मला त्या ठोक्यातच ऐकू येतं.

आणि हे काही फार जुनं नाही. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर मेबन आहे. तिथे जो थॉम्पसन (१९१८–२०१२) फिडल वाजवायचे आणि त्यांचे चुलतभाऊ ओडेल बँजो. काळ्या शेतकरी घरातली ही जोडवादनाची परंपरा, नाचाच्या रात्रींसाठीची. २००५ साली बून गावात काळ्या बँजोवादकांचं संमेलन भरलं, तिथे भेटलेली तीन तरुण मुलं पुढे दर आठवड्याला जो थॉम्पसन यांच्या घरी जाऊन शिकली. त्यातली एक, रियानन गिडन्स, आमच्या ग्रीन्सबरोचीच. त्यांच्या कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स या चमूला २०११ साली ग्रॅमी मिळालं. तोवर थॉम्पसन हयात होते. मला याचा फार आनंद आहे, जणू आपल्याच घराण्यातल्या बुजुर्गाला मान मिळाला.

दुपारी आईला फोन केला. आकोंटिंगचं चित्र पाठवलं होतं. तिने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "भोपळा कुठला गं त्यांचा?" मिरजेच्या बाईला याहून वेगळा प्रश्न सुचणं शक्य नाही. मग आम्ही दोघी भोपळ्याच्या सालीच्या जाडीवर बराच वेळ बोललो.

मंगळवार

"एंजेलिन द बेकर". बाईंनी डबल सी ही सुरावट लावायला सांगितली: चौथी तार एक सूर उतरवायची, दुसरी अर्धा सूर चढवायची. आता सा सरकला. चौथी सा, तिसरी प, दुसरी वरचा सा, पहिली त्याच्या वरचा रे. पाचवी तार जिथे होती तिथेच आहे, पण ती आता प झाली. आठवडाभर सा म्हणून कानात बसलेली तार प म्हणून ऐकायला लागले तर सगळी खोलीच वेगळी वाटली.

फिडल डी मध्ये वाजणार, म्हणून दुसऱ्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा), आणि पाचवी तार सातव्या फ्रेटजवळच्या खिळ्याखाली अडकवायची. हा खिळा खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचा, अगदी बारीक. तो दांडीत ठोकण्याची इथे जुनी पद्धत आहे.

पहिल्या भागात सूर इतके कमी आहेत की हाताला मोकळीक मिळते. दुसऱ्या भागात ड्रॉप-थंब मला अजून सावकाश घ्यावा लागतो. वेग वाढवला की अंगठा सवयीने पाचवीकडे धावतो. तो चपळ असावा पण आज्ञेतही असावा. उद्या फक्त तेवढाच तुकडा घेणार.

ही धून मुळात स्टीफन फॉस्टर यांच्या १८५० सालच्या गाण्यातली, मिन्स्ट्रेल रंगमंचासाठी लिहिलेली. गुलाम पुरुषाच्या तोंडी घातलेलं, प्रिया दूर गेल्याचं गाणं. डोंगरात येताना चाल आटोपशीर झाली, वळणं बदलली, आणि आज ती नवशिक्यांच्या पहिल्या धुनींपैकी एक आहे. किती गोड चाल, आणि कुठून आलेली. मला ती वाजवायची आहे. ती वाजवताना ते विसरायचं नाही.

शनिवारी बाईंच्या घरी बैठक आहे. दर वेळी कुणीतरी एक जण धून सुचवतं आणि सगळे तीच धून पंधरा-वीस वेळा फिरवतात. या वेळी सुचवायची पाळी माझी. बाईंना विचारणार आहे, सुरू करण्याआधी दोन मिनिटं बोलले तर चालेल का: चित्रातली आखूड तार, मेबनचे थॉम्पसन बंधू, या चालीचं मूळ. त्या हो म्हणतील. मग खिळ्याखाली तार अडकवेन आणि सावकाश लयीत पहिला भाग उचलेन.