धूर निघत असेल त्या गल्लीत वळा: जळगावचं भरीत

अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. मुंबईहून सोमवारी पहाटे जळगावात उतरलं, की हे आठवतं आणि दिवस गावातच काढावा लागतो. लेणी इथून साठेक किलोमीटरवर आहेत, ती दुसऱ्या दिवशी. मोकळा सोमवार हिवाळ्यातला असेल तर तो भरिताला द्यावा. या फेरीतली जागा आधी ठरवलेली नव्हती, कपाशीच्या काड्यांचा धूर दिसला म्हणून सापडली.

एका वस्तीतलं एका खोलीचं दुकान. मेनूकार्ड नाही, थाळी नाही. भरीत किलोवर, पुऱ्या नगावर. दारातच विटांवर टेकवलेली लोखंडी जाळी, शेजारी काड्यांच्या मोळ्या आणि जमिनीवर भरीत ठेचायची बडगी, लाकडाची लांबट, होडीसारखी कोरलेली. बसायला दोन बाकडी. बहुतेक गिऱ्हाईक घरून डबा घेऊन येतं. जळगाव-भुसावळ पट्ट्यात अशी भरीत सेंटरं बरीच आहेत. पाटी शोधण्यापेक्षा धूर आणि बडगीतला धपधप आवाज यांच्या मागे जावं. दाराशी काड्यांची रास नसेल तर भरीत गॅसवरचं असण्याची शक्यता धरा. ते वाईट नसतं, पण त्यासाठी एवढ्या लांब येऊ नये.

वांगी हिरवी, अंगावर पांढरट रेषा, एकेक पाव ते अर्धा किलोचं, बिया कमी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातल्या बामणोदच्या वांग्यांचं नाव त्याच्या फार आधीपासून आहे. वांगं हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर चांगलं, जड असेल तर आत बिया भरलेल्या. देठ हिरवा आणि ताठ हवा.

भाजण्याआधी वांग्याला तेलाचा हात लावतात आणि सुरीने दोन-तीन टोचे मारतात. टोचे राहिले तर आतली वाफ कोंडून वांगं जाळावर फुटतं, गर राखेत जातो. कपाशीच्या काड्यांचा जाळ भडकतो लवकर आणि बसतोही लवकर, म्हणून माणूस जागचा हलत नाही: काडी सारायची, वांगं फिरवायचं. साल सगळीकडून काळी झाली आणि देठाजवळ दाबल्यावर बोट आत गेलं की झालं. देठाकडचा भाग कच्चा राहिला तर भरीत तुरट लागतं. घाई केलेल्या भरितात हाच दोष हमखास सापडतो. सोलताना बोटं पाण्यात बुडवतात, गर मात्र धूत नाहीत. धुतला की धुराचा वास गेला.

खरं काम बडगीत. आधी हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ मुसळीने ठेचतात, मग त्यावर गर. ठेचायचा, वाटायचा नाही: गराचे धागे दिसले पाहिजेत, चमच्यातून गळता कामा नये. मिक्सरमधल्या भरिताला पाणी सुटतं ते याचमुळे. मग तेलाची सढळ फोडणी, त्यात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, चिरलेली कांद्याची पात आणि वरून कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो नाही.

ऑर्डर देताना तिखटाचं आधी बोला. मिरची बडगीत पहिली पडते, नंतर ती काढता येत नाही. ‘मध्यम’ म्हणालात तरी ते खानदेशातलं मध्यम असतं. लहान मुलं बरोबर असतील तर ‘मिरची निम्मी’ असं स्पष्ट सांगा. दुसरं, भाव कच्च्या वांग्यावर आहे की तयार भरितावर ते विचारा. किलोभर वांगी भाजून सोलली की पाऊण किलोही गर उरत नाही, त्यामुळे गैरसमज इथेच होतो. माणशी पाव किलो तयार भरीत पुरे. काही ठिकाणी आपण आणलेली वांगीही भाजून, ठेचून देतात. बाजारात चांगली वांगी दिसली तर जरूर विचारावं.

सोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी घ्या, गव्हाची नको. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, साधारण चाराला एक. उडदामुळे भाकरीला चिकटपणा येतो आणि ओलसर भरीत उचलताना तुकडा मोडत नाही. पुरी गरम असतानाच खावी, निवली की चिवट होते. ताक मागून घ्या.

वेळ सकाळी अकरा ते एक. दोननंतर वांगी संपलेली असतात, आणि संध्याकाळी शेतातल्या भरीत पार्ट्यांच्या मोठ्या ऑर्डरी आधी निघतात, सुट्या गिऱ्हाइकाला तासभर थांबावं लागतं. हंगाम थंडीचा. बऱ्याच घरांत चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं आणि मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने ते परत ताटात येतं, तिथून पुढचे दोन महिने सर्वात चांगले. उन्हाळ्यात बिया वाढतात, वांगं कडवट होतं.

रेल्वेने परत नेणार असाल तर ठेचलेलं भरीत बिनफोडणीचं आणि बिनपातीचं मागा. गरम भरितावर लगेच झाकण लावू नका. वाफेचं पाणी सुटतं आणि पात असेल तर ते लवकर आंबतं. पसरट डब्यात पूर्ण निववून मग झाकण लावा, पातीची जुडी वेगळी घ्या आणि फोडणी घरी पोचल्यावर द्या.