एका नदीची दोन आश्वासनं

मे महिन्यात आमच्या धंद्यात कॅमेरावाला शोधून सापडत नाही. हळदी, लग्नं, पूजा, एका दिवसात दोन-दोन ऑर्डरी. तरीही २०१८ च्या मे महिन्यात मी तीन लग्नं सोडली आणि पालघर लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं चित्रीकरण घेतलं. ज्यांच्या स्टुडिओत मी कॅमेरा धरायला शिकलो त्यांनी तो ठेका घेतला होता. त्यांचा शब्द मला मोडवला नाही.

पथकाला सगळे 'व्हीएसटी' म्हणत, म्हणजे व्हिडिओ सर्व्हेलन्स टीम. एक सरकारी अधिकारी, एक कॅमेरावाला, एक गाडी. उमेदवाराच्या प्रत्येक मोठ्या सभेला जायचं आणि खर्च दिसेल असं शूटिंग करायचं. सुरुवातीलाच आपल्या आवाजात तारीख, ठिकाण, पक्ष आणि उमेदवाराचं नाव बोलायचं. मग मंडप, स्टेजची लांबी-रुंदी, खुर्च्या, भोंगे, पंखे, बॅनर आणि प्रत्येक गाडीची नंबरप्लेट. रात्री कार्यालयातलं दुसरं पथक ते पाहतं, ठरलेल्या दरसूचीप्रमाणे पैसे लावतं आणि छाया नोंदवहीत, म्हणजे खर्चाच्या सरकारी समांतर वहीत, चढवतं. तेव्हा लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ७० लाखांची होती. उमेदवाराने दिलेला हिशेब या वहीशी ताडून बघतात.

माझ्याबरोबरचे साहेब कृषी खात्यातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "हे बघ, वधू-वरासारखे चेहरे टिपत बसू नकोस. खुर्च्या टिप."

ती निवडणूक साधी नव्हती. भाजपचे खासदार चिंतामण वनगा ३० जानेवारीला वारले. त्यांचं कुटुंब शिवसेनेत गेलं आणि मुलगा श्रीनिवास धनुष्यबाणावर उभा राहिला. भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना कमळ दिलं. राज्यात एकत्र सत्तेत असलेले दोन पक्ष इथे समोरासमोर आले. त्यात बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव, काँग्रेसचे दामू शिंगडा, माकपचे किरण गहला. बुलेट ट्रेन, वाढवण बंदर, मोखाडा-जव्हारमधलं कुपोषण, विरारच्या लोकलची गर्दी, सगळं एकाच प्रचारात. उत्तर भारतीय मतदारांसाठी योगी आदित्यनाथही विरारला येऊन गेले. आणि निवडून येणाऱ्याच्या हातात उरलेलं होतं जेमतेम एक वर्ष, कारण २०१९ मध्ये पुन्हा निवडणूक ठरलेलीच होती. सभांमध्ये मात्र त्या एका वर्षाचा उल्लेख मी क्वचितच ऐकला.

आमच्याकडे बोईसर विधानसभेचा भाग होता. त्याचं एक टोक मनोरकडच्या पाड्यांत आणि दुसरं वसई पूर्वेच्या चाळींत. मी सांगतोय तो दिवस २४ मे, गुरुवार.

सकाळची सभा सूर्या नदीच्या अलीकडच्या एका पाड्यावर होती. पक्षाचं नाव मी घेत नाही, गावाचंही नाही. चिंचेखाली हिरवं कापड ताणलेलं, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर डेकोरेटरचं नाव पांढऱ्या रंगात. पंधराच्या बारा ओळी. बाया खुर्च्यांवर बसल्याच नाहीत, पुढे जमिनीवर बसल्या. साहेब म्हणाले, बसोत न बसोत, मांडलेली प्रत्येक खुर्ची खर्चात धरायची. मी मागून पुढे पॅन केलं, मग गाड्या घेतल्या. भोंगे लावलेली एक निळी जीप होती, तिच्या पुढच्या काचेला आडवा तडा. नंबर नीट वाचता यावा म्हणून मी तिच्यावर दहा सेकंद थांबलो.

वक्ता चांगला बोलत होता, आवाज न चढवता. म्हणाला, सूर्येचं धरण तुमच्या बापजाद्यांच्या जमिनीवर उभं आहे. कालवे तुमच्या शेतासाठी काढले आणि पाणी चाललंय शहराला. आम्हाला निवडून द्या, आधी तुमचं शेत भिजेल, तोवर सूर्येचं पाणी बाहेर जाऊ देणार नाही. टाळ्या पडल्या. इथे टाळ्या सहज पडत नाहीत, हे मला आठवडाभरात कळलं होतं.

स्टेजच्या मागून शहराच्या पाणीयोजनेची जाडजूड पाइपलाइन गेली होती. तिच्या व्हॉल्व्हातून पाणी ठिबकत होतं आणि खाली एकामागे एक हंडे लावलेले होते. भाषण चालू असताना एक मुलगी दर थोड्या वेळाने उठायची, भरलेला हंडा बाजूला सरकवायची, रिकामा लावायची आणि परत येऊन बसायची. खर्चात न बसणारं ते एवढंच मी त्या दिवशी टिपलं. साहेबांनी पाहिलं, पण बोलले नाहीत.

सभा संपल्यावर एक म्हातारी माझ्याजवळ आली. माझ्या गळ्यात निवडणुकीचं ओळखपत्र होतं, त्याकडे तिने बोट केलं. वारली बोलीत म्हणाली, ते माझ्या पुरतं कानात बसलं नाही. साहेबांनी उलगडून सांगितलं. ती विचारत होती, "तो बोलला ते समदं भरलं का यात? सरकारनं भरून घेतलं म्हणजे आता त्याला फिरता येणार नाही ना?"

मी म्हणालो, "हो आजी, भरलंय."

ते खोटं नव्हतं. पण तिने ज्या अर्थाने विचारलं होतं त्या अर्थाने ते खरंही नव्हतं, आणि मला दुसरं उत्तर सुचलं नाही. तिने माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेवर हात ठेवला, देवळातल्या पायरीवर ठेवतात तसा, आणि गेली.

गाडीत साहेब बोलायला लागले. त्यांची नोकरी याच तालुक्यांत गेली होती. सूर्या प्रकल्प मुळात शेतीसाठी, डहाणू, पालघर आणि विक्रमगडमधल्या १४ हजारांवर हेक्टरला पाणी द्यायचं म्हणून. पुढे शहरं वाढत गेली तसं पाणी वळत गेलं. एमएमआरडीएची, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, नवी योजना ४०३ दशलक्ष लिटरची, रोजची. त्यातलं १८५ वसई-विरारला, २१८ मिरा-भाईंदरला. "कालव्याच्या शेवटच्या गावांना मी स्वतः सांगत फिरलोय, उन्हाळी भात लावू नका, पाणी पोचणार नाही," ते म्हणाले. मग मनोरचा पूल येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

दुपारच्या दोन कोपरासभांत सांगण्यासारखं काही नाही. हायवेला वाहतूक तुंबली होती, जेवण वडापाववर झालं.

संध्याकाळी सातला आम्ही वसई पूर्वेला पोचलो. दोन चाळींमधल्या गल्लीत स्टेज, दीडशे खुर्च्या, वर एलईडीच्या माळा. मी गाड्यांकडे वळलो आणि पहिल्याच गाडीशी थांबलो. निळी जीप, काचेला आडवा तडा, तोच नंबर. स्टेजवर वक्ताही सकाळचाच होता. सदरा बदललेला होता, आवाज तोच, समजावणीचा. म्हणाला, किती वर्षं टँकरच्या मागे धावणार? सूर्येचं जादा पाणी आम्ही आणतोय. सहा महिन्यांत तुमच्या नळाला पाणी नाही आलं तर मला जाब विचारा.

हेडफोन माझ्या कानावर होता, त्यामुळे शब्द ऐकण्यात चूक व्हायला जागा नव्हती.

त्या क्षणी मला त्या चाळकऱ्यांचा राग आला, आणि पाचच मिनिटांत तो उतरला. भाषण रंगात आलं असताना गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. पुढच्या तीन ओळी एकदम उठल्या. बाया, शाळकरी पोरं, बनियनवरची माणसं, ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन पळाली. एक बाई बाळाला कडेवर घेऊन ड्रम लोटत होती. ड्रमने एक खुर्ची आडवी केली, तिला ते कळलंही नाही. तेव्हा मला सकाळची ती हंडे बदलणारी मुलगी आठवली. या बाईला कुणाच्या शेतातलं पाणी पळवायचं नव्हतं. ते पाणी दुसऱ्या कुणाला सकाळीच देऊन झालं आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. दोन्हीकडची तहान खरी होती. पाणी एकच होतं, आणि किती कुणाला, कधी, हे स्टेजवरून कुणी बोललं नाही.

रात्री साडेदहाला आम्ही कार्यालयात कार्ड दिलं. तिथल्या ऑपरेटरने क्लिप लावली, भाषण आलं की पळवलं, खुर्च्या आल्या की थांबवलं. सकाळी १८०, संध्याकाळी १५०. जीप दोन्हीकडे, भाडं एकाच दिवसाचं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, दोन्ही भाषणं एकदा शेजारी शेजारी ऐका ना."

तिथले अधिकारी दिवसभराचे थकलेले होते, पण त्यांनी ऐकलं. मग सांगितलं की आमचं काम खर्चाचं. जी आश्वासनं पूर्ण होण्याजोगी आहेत त्यांवरच मतदारांचा विश्वास मागावा, असं आचारसंहितेच्या आठव्या भागात म्हटलंय, पण ते जाहीरनाम्याबद्दल. सभेतल्या अशा बोलण्याला त्यांच्या वहीत रकाना नव्हता. त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही.

२८ मेला मतदान झालं. बऱ्याच केंद्रांवर यंत्रं बंद पडून रांगा खोळंबल्या. ३१ तारखेला निकाल लागला, गावित २९,५७२ मतांनी आले. त्या पाड्याने कुणाला मत दिलं मला माहीत नाही.

पण त्या रात्रीचं अजून एक राहिलं. कार्डासोबत आम्हाला एक तक्ता भरून द्यावा लागायचा: कोणती क्लिप, कुठे, काय दिसतं. शेवटचा रकाना 'शेरा', तो आम्ही रोज कोरा सोडायचो. त्या दिवशी मी त्यात लिहिलं, "सूर्या नदीचे पाणी. पाड्यावर: बाहेर जाऊ देणार नाही. चाळीत: सहा महिन्यांत आणतो. वक्ता एकच." आणि कागद सहीसाठी साहेबांपुढे ठेवला. मला वाटलं, ते खोडतील.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोनदा वाचलं.

"वेळा टाक," ते म्हणाले. "दोन्हीच्या."

मी लिहिल्या. सकाळी ११.२०. संध्याकाळी ७.४०. त्यांनी खाली सही केली.